बीजकाचा पेला : अज्ञात काष्ठाची परीक्षा

भोसरीतील एका कारखान्यात काम करणारे, प्रमेहाचे एक मध्यमवयीन रुग्ण चिकित्सालयात आले. सोबत एक लाकडी पेला होता. “बिबळ्याचा आहे, डॉक्टर. रात्री पाणी भरून ठेवतो, सकाळी घेतो,” असे त्यांनी सांगितले. पेल्याच्या भरवशावर दीड महिन्यापासून नेहमीच्या गोळ्या बंद होत्या. उपाशीपोटीची रक्तशर्करा १३० वरून २४० वर गेली होती. पेला चाकण परिसरातील एका खराद्याने ‘मिळालेल्या लाकडातून’ घडविला, एवढेच विक्रेत्याला ठाऊक होते. असे पेले आपल्यापैकी अनेकांच्या औषधालयांत विक्रीस असतात. म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

नामसंभ्रम

सुश्रुतांचा सालसारादी गण व वाग्भटांचा असनादी गण या दोहोंत असनाचा समावेश असून दोन्ही गण प्रमेहात उपयुक्त सांगितले आहेत. असन म्हणजेच बीजक, विजयसार; मराठीत बिबळा (टेरोकार्पस मार्सुपियम). परंतु मराठीत ‘असाणा’ हे नाव ब्रिडेलिया रेटुसा या वेगळ्याच वृक्षाला आहे, तर हिंदी भाषक ‘असना’ म्हणतात तो आपला ऐन. केवळ नावावर मागणी नोंदविल्यास या तिन्हींपैकी काहीही हाती पडू शकते.

औद्योगिक परिसरातील लाकूड

आपल्या भागात आणखी एक धोका आहे. चाकण, भोसरी, तळेगाव येथील कारखान्यांत यंत्रे व सुटे भाग लाकडी खोक्यांतून येतात. रिकामी खोकी व पॅलेट भंगारात जातात आणि तेथून सुतार-खराद्यांकडे पोहोचतात. २००२ साली स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा लाकडावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, देशाची अक्षरे व प्रक्रियेचा संकेत असतो. ‘एचटी’ म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता किमान ३० मिनिटे. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी. हा शिक्का कीडनियंत्रणाचा आहे. लाकूड कोणत्या जातीचे, त्यावर पुढे कोणते तेल वा रसायन सांडले, हे त्यावरून कळत नाही. खराद फिरली की शिक्काही नाहीसा होतो.

परीक्षाविधी

१. तळाचा थोडा भाग धारदार पात्याने तासावा. बिबळ्याचे सारकाष्ठ पिवळसर तपकिरी, गडद रेषांचे व आतपर्यंत त्याच रंगाचे असते. वर तपकिरी आणि आत फिकट असल्यास रंग चढविल्याचा संशय घ्यावा.

२. आडवा छेद दहापट भिंगाखाली पाहावा. बिबळ्यात वाहिन्यांची छिद्रे स्पष्ट दिसतात. पाइनवर्गीय लाकडात अशी छिद्रे नसतात. राळेचा गंध येतो.

३. बिबळा जड असतो. घनमीटरला साधारण ८०० किलो. पाइन त्यापेक्षा बरेच हलके असते.

४. काचेच्या पात्रात पाण्यात तुकडा रात्रभर ठेवावा. बिबळ्याचे पाणी उजेडासमोर धरल्यास सोनेरी-तपकिरी व काळ्या पार्श्वभूमीवर निळसर दिसते.

चौथ्या परीक्षेवरच अनेकजण विसंबतात. येथे इतिहास सावध करतो. पाणी निळे करणारे ‘लिग्नम नेफ्रिटिकम’ हे काष्ठ स्पॅनिश वैद्य मोनार्देस यांनी १५६५ मध्ये वर्णिले. मूत्रविकारांवरील औषध म्हणून युरोपात त्याची ख्याती होती; मात्र ते कोणत्या वृक्षाचे, हा प्रश्न सुमारे साडेतीनशे वर्षे रेंगाळला. १९१५ मध्ये विल्यम सॅफर्ड यांनी दाखविले की त्या नावाखाली दोन वृक्ष मिसळले होते : मेक्सिकोतील आयसेनहार्डशिया आणि फिलिपिन्समधील टेरोकार्पस इंडिकस. दोन्हींचे पाणी निळे! अर्थात, निळी झाक नसल्यास बिबळ्याविषयी शंका घ्यावी. पण ती आहे म्हणून बिबळा सिद्ध होत नाही.

आमच्या रुग्णाचा पेला पहिल्या तीन परीक्षांतच अनुत्तीर्ण ठरला. आतील लाकूड फिकट, छिद्रहीन व हलके होते. पाण्यात केवळ वरचा रंग उतरत होता.

मात्रेचा विचार

पेला अस्सल असला तरी रोजच्या पाण्यात किती द्रव्य उतरते हे निश्चित नसते आणि वापरागणिक ते घटत जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांना विजयसार दिले. १२ आठवड्यांत ६७ जणांची शर्करा नियंत्रणात आली. तेथे मात्रा मोजलेली होती व रुग्णांची नियमित तपासणी होत होती. त्या निष्कर्षाचा आधार पेल्याला देता येणार नाही.

निष्कर्ष

औषधालयांनी पेले खरेदी करताना प्रत्येक खेपेतील एक नमुना फोडून पाहावा, काष्ठाचा उगम लेखी घ्यावा आणि शंका असल्यास बंगळुरूच्या काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्थेकडे किंवा डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेकडे ठोकळा तपासणीस पाठवावा. पेला विकताना चालू औषधे बंद करू नयेत, ही सूचना तोंडी व लेखी द्यावी. आमच्या रुग्णाने गोळ्या पुन्हा सुरू केल्यावर शर्करा उतरली. तो दुभंगलेला पेला आता चिकित्सालयातील टेबलावर असतो. नवा पेला घेऊन येणाऱ्या प्रत्येकास प्रथम तो दाखवितो.