फटाके नव्हते ते

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे रात्रीची जेवणं आटोपली की अर्धा तास वाचन चालायचं. लेक दहा वर्षांची. इंग्रजी तिला माझ्यापेक्षा फर्डं येतं, पण ऐकायचं म्हटलं की मराठीच हवं असतं. त्यामुळे पुस्तक इंग्रजी आणि मी वाचता वाचता मराठी करत जायचं, असा आमचा प्रकार. लोइस लौरी या अमेरिकन लेखिकेची ‘नंबर द स्टार्स’ ही सव्वाशे-दीडशे पानांची कादंबरी. १९८९ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला मुलांच्या पुस्तकांसाठीचं न्यूबेरी पदक मिळालं.

गोष्ट १९४३ सालच्या कोपनहेगनमधली. जर्मन सैन्य डेन्मार्कमध्ये येऊन बसल्याला तीन वर्षं झालीत. दहा वर्षांची आनमारी आणि तिची मैत्रीण एलन एकाच इमारतीत राहतात, एकाच शाळेत जातात. एलनचं घर ज्यूंचं. इथेच पहिला प्रश्न आला, ‘‘ज्यू म्हणजे कोण?’’ मी काही बोलणार एवढ्यात लेकीनंच विचारलं, ‘‘कॅम्पातल्या लाल देवळातले?’’ आम्ही पुण्याचे. बसमधून जाता-येता त्या लाल विटांच्या मनोऱ्यावरचं घड्याळ तिनं पाहिलेलं. म्हटलं, हो, तेच. पुढचं काम सोपं झालं. एलन एकदम ओळखीची झाली.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, दहा वर्षांच्या पोराला युद्ध कशाला वाचून दाखवायचं? मलाही तसंच वाटायचं. पण युद्ध आपण न दाखवता त्यांच्यापर्यंत पोचलेलंच आहे. मोबाइलवर कोसळणारी इमारत आणि शांपूची जाहिरात पाठोपाठ येतात. पुस्तकात निदान थांबता येतं. पान मिटून पाणी पिऊन येता येतं.

आणि ही लेखिका मुलांना ओळखते. युद्ध ती मुलांच्या उंचीवरून दाखवते. चामडं मिळत नाही म्हणून आनमारीच्या धाकट्या बहिणीला, किर्स्टीला, माशाच्या कातड्याचे हिरवे बूट आणले जातात आणि ती पाच वर्षांची पोर थयथयाट करते. मग एलन सांगते, माझे बाबा शाई लावून काळे करून देतील. टंचाई म्हणजे काय, ते माझ्या लेकीला त्या बुटांवरून कळलं.

एका रात्री एलन आनमारीच्या घरी लपलेली असताना सैनिक दार ठोठावतात. एलनच्या गळ्यात सोन्याची साखळी, तिला दाविदाचा तारा. साखळीची फासणी निघत नाही, बूट खोलीपाशी येतात. आनमारी साखळी हिसडून तोडते आणि मुठीत घेते. सैनिक गेल्यावर मूठ उघडते तर तळहातावर ताऱ्याचा ठसा उमटलेला. हे वाचताना लेकीनं स्वतःची मूठ आवळली होती. मी पाहिलं, पण काही बोलले नाही. अशा वेळी ‘‘काय शिकलीस?’’ असं विचारायचं नसतं हो.

मागचा इतिहास मी तिला तुकड्यातुकड्यांनी सांगितला. ज्यूंची धरपकड होणार ही बातमी डुक्विट्झ नावाच्या जर्मन अधिकाऱ्यानंच डॅनिश पुढाऱ्यांच्या कानावर घातली. २९ सप्टेंबरला सकाळी कोपनहेगनच्या सिनेगॉगमध्ये धर्मगुरू मार्कस मेल्शिओर यांनी जमलेल्यांना सावध करून घरी पाठवलं. मग शेजारी, डॉक्टर, कोळी अशा कितीतरी लोकांनी मिळून सात हजारांहून जास्त माणसं मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनला पोचवली. पाचशेच्या आत माणसं पकडली जाऊन तेरेझिनच्या छावणीत गेली. आम्ही नकाशा काढला. डेन्मार्क आणि स्वीडनमधला समुद्र अगदी अरुंद जागी जेमतेम चार किलोमीटर. ‘‘म्हणजे माझ्या शाळेइतकंच की!’’ लेक म्हणाली. मग गस्तीच्या बोटी, होड्या हुंगणारे कुत्रे, आणि त्या कुत्र्यांचं नाक बधिर करायला सशाचं सुकवलेलं रक्त आणि कोकेन लावलेले रुमाल. कादंबरीत असा एक रुमाल टोपलीत पावाखाली दडवून आनमारी बंदरावर धावत नेते. ते रुमाल खरेच होते, हे कळल्यावर लेक अंथरुणात उठून बसली.

पण मला बोलायचंय ते वेगळंच.

या गोष्टीतले मोठे लोक मुलांशी सतत खोटं बोलतात. २९ ऑगस्ट १९४३ला डॅनिश आरमारानं आपलीच जहाजं बंदरात बुडवली, जर्मनांच्या हाती पडू नयेत म्हणून. आभाळ लाल झालं, धडाके झाले. नेमका किर्स्टीचा पाचवा वाढदिवस. आई तिला सांगते, तुझ्यासाठीच फटाके उडवलेत. वाचताना मी कौतुकानं म्हटलंही, बघ, किती हुशार आई!

पुढे आनमारीला घरात एक शवपेटी दिसते. कुणी मोठी आजी वारली म्हणतात. अशी आजी आपल्याला नव्हतीच, हे तिला ठाऊक. ती हेन्रिकमामाला थेट विचारते. तो कबूल करतो, आणि असंही सुचवतो की सगळं माहीत नसलं की धीर धरणं सोपं जातं. मात्र विचारल्यावर तो तिला टाळत नाही. या मामाला मी पैकीच्या पैकी गुण देते.

स्वतःला मात्र नाही. शेवटी पीटरचं काय झालं ते येतं. आनमारीच्या वारलेल्या थोरल्या बहिणीचा तो वाग्दत्त वर, प्रतिकार चळवळीतला. त्याला पकडून गोळ्या घातल्या जातात. ते मी गाळलं. ‘‘पीटर काही परत आला नाही,’’ एवढं म्हणून पान उलटलं. बहिणीचा मृत्यूही अपघात नव्हता, ते मोघम केलं. आवाजही जरासा वाढवला असेन. लबाडी करताना वाढतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली. बोट त्याच पानात. मी कणीक मळत होते.

‘‘तू मला फटाके सांगितलेस.’’

मी काहीतरी पुटपुटले. तेव्हा ती म्हणाली, ‘‘आजोबांच्या वेळीपण.’’

दोन वर्षांपूर्वी माझे सासरे गेले. त्यांना दवाखान्यात हलवलं तेव्हा लेकीला मावशीकडे पाठवलं होतं. तपासणीला नेलंय, येतील, असं सांगून. चार दिवस तेच सांगत राहिले. त्यातले शेवटचे दोन दिवस तर ते नव्हतेच. मावशीकडे निघताना बदाम सातचा डाव अर्धवट होता, नुकतेच पत्ते वाटलेले. तिनं आजोबांचे पत्ते टीपॉयवर पालथे घातले होते आणि मला बजावलं होतं, कुणी बघायचे नाहीत.

कणकेचे हात धुऊन मी खाली बसले आणि त्या चार दिवसांचं सगळं सांगितलं. दवाखान्यात कोण होतं, त्यांनी काय मागितलं, ते किती वाजता गेले, मी रडले का. तिनं मध्ये मध्ये विचारलं, तेवढं सांगितलं. फार रडली नाही. पीटरचं पान मग आम्ही पुन्हा वाचलं, या वेळी न गाळता.

रात्री दिवा मालवल्यावर तिचा आवाज आला, ‘‘आणि आजोबांचे पत्ते?’’

‘‘लोक यायच्या आत मी उचलले.’’

‘‘बघितलेस?’’

‘‘हो. बदाम सत्ती त्यांच्याकडे होती.’’

जरा वेळ ती गप्प होती.

‘‘म्हणजे उतारी त्यांची होती,’’ ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.