तिकिटाचा भाव आणि सामन्याचा खर्च

आयपीएलचं 1,400 रुपयांचं तिकीट घेतलंत, तर त्यातले 400 रुपये कराचे असतात. 22 सप्टेंबर 2025पासून आयपीएलसारख्या सामन्यांच्या प्रवेशावरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेला. त्याआधी हेच तिकीट 1,280 रुपयांना पडलं असतं. करासह छापलेल्या रकमेतल्या दर 7 रुपयांत 2 रुपये कराचे, एवढं लक्षात ठेवलं तरी हिशेब होतो. चौघं गेलात तर 5,600 रुपयांपैकी 1,600 रुपये कर, आणि अजून कुणी घराबाहेर पाऊलही टाकलेलं नाही.

भारतीय संघाच्या आंतरराष्ट्रीय सामन्याला हा दर लागत नाही. जिल्हा, राज्य किंवा देशाचं प्रतिनिधित्व करणारे संघ मान्यताप्राप्त संघटनेच्या सामन्यात उतरतात, तेव्हा 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही आणि त्यापुढच्या तिकिटावर 18 टक्के आहे. 2025च्या महिला विश्वचषकाची साखळी सामन्यांची तिकिटं पहिल्या टप्प्यात 100 रुपयांपासून मिळत होती. पुढे 2 नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने तो चषक जिंकला. घरच्यांना, विशेषतः मुलांना, पहिल्यांदा मैदानावर न्यायचं असेल तर महिलांचा सामना निवडा, असं मी आग्रहाने सांगेन. क्रिकेट अव्वल असतं आणि खिशालाही झेपतं. रणजी सामन्यांना तर बहुधा तिकीटच नसतं.

तिकिटाच्या दरावर संकेतस्थळाचं सेवाशुल्क चढतं. ते पैसे भरण्याच्या अगदी शेवटच्या पानावर दिसतं. तोवर आपण सीट निवडलेली असते, घड्याळ उलटं मोजत असतं आणि माघार घ्यायची तयारी उरलेली नसते. केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023ला अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात 13 प्रकार नावानिशी दिले. सुरुवातीला एक किंमत दाखवून शेवटी ती वाढवणं, न विचारता देणगी किंवा विमा बिलात घालणं, तुटवड्याची खोटी घाई निर्माण करणं हे तिन्ही प्रकार त्यात आहेत. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या, दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. आधीच खूण केलेली देणगीची चौकट असेल तर ती काढा. दान द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं.

तिकिटं पाच मिनिटांत संपतात कशी, याचं उत्तर वानखेडेच्या जन्मकथेतच आहे. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिथल्या तिकीटवाटपावरून मुंबईच्या क्रिकेट संघटनेशी वाद विकोपाला गेला आणि बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने काही अंतरावर नवं मैदान उभं राहिलं. जानेवारी 1975मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. तिकिटांच्या भांडणातून उभ्या राहिलेल्या त्याच मैदानावर 2011च्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली, तेव्हा 33 हजारांच्या आसपास जागांपैकी जेमतेम 4 हजार तिकिटं सर्वसामान्यांच्या विक्रीला आली. बाकीची सदस्य, संलग्न क्लब, आयसीसी, प्रायोजक आणि पाहुणे यांच्यात वाटली गेली. तुम्ही रांगेत उशिरा पोचलात म्हणून तिकीट हुकलं असं नाही; रांगेसाठी ठेवलेली तिकिटंच थोडी होती. विक्रीआधी, किती जागा जनतेसाठी खुल्या आहेत, हा आकडा आयोजकांनी जाहीर करायलाच हवा. प्रेक्षकांनी लावून धरावी अशी एकच मागणी निवडायची झाली, तर मी हीच निवडेन.

या टंचाईवरच काळा बाजार पोसला जातो. समाजमाध्यमांवरून कुणी क्यूआर कोडचा फोटो पाठवून पैसे मागत असेल तर देऊ नका. तो कोड गेटवर एकदाच चालतो आणि विकणाऱ्याने तो किती जणांना विकला हे तुम्हाला कळत नाही. स्वतःच्या तिकिटाचा फोटोही उत्साहाच्या भरात टाकू नका.

बाहेरगावच्या प्रेक्षकाने आणखी एक गोष्ट आधी पाहावी: तिकीट मोबाइलवर मिळणार की कागदी घ्यावं लागणार. 2023च्या पुरुषांच्या विश्वचषकात ई-तिकीट नव्हतं. कुरिअर किंवा खिडकी, दोनच वाटा होत्या. नाशिक-कोल्हापूरच्या माणसाला खिडकी म्हणजे वेगळी फेरी किंवा वेळेआधी येऊन रांग. लहान मुलांचं किती वयापासून तिकीट लागतं तेही बघा, कारण लागलं तर पूर्णच लागतं.

गेटवरची किंमत

पॉवर बँक, हेल्मेट, मोठी बॅग, पाण्याची बाटली, लायटर, अत्तर, छत्री, झेंड्याची काठी आणि बहुतेक ठिकाणी नाणीसुद्धा आत नेता येत नाहीत. सुरक्षेची कारणं मला मान्य आहेत. मैदानात वस्तू फेकल्या गेल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत. चीड येते ती पुढच्या गोष्टीची. सामान ठेवायला अधिकृत जागा बहुतेक ठिकाणी नसते. मग फाटकाबाहेर कुणी तरी पैसे घेऊन बॅग सांभाळतं, पावती नसते, आणि ऑफिसातून थेट आलेला माणूस लॅपटॉप अनोळखी हातात देऊन आत जातो. हा धोका पत्करू नका. रेल्वे स्टेशनचं क्लोकरूम किंवा जवळच्या ओळखीच्या माणसाचं ऑफिस गाठा. एकदा आत गेल्यावर बाहेर येऊन परत जाता येत नाही, हेही लक्षात असू द्या. औषधं न्यायची असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

बाटलीबंदीचा बोजा आत जाणवतो. पाणी आणि शीतपेय कागदी पेल्यात ओतून मिळतं, त्यामुळे छापील किंमत डोळ्यांसमोर येतच नाही. विकत घेताना बाटली दाखवायला सांगा आणि दरफलकाचा फोटो काढा. एकाच कंपनीचं पेय सगळीकडे दिसतं, कारण विक्रीचा हक्क प्रायोजकाने घेतलेला असतो. हा हक्क किती ताणला जाऊ शकतो ते 2003च्या विश्वचषकात दिसलं: दक्षिण आफ्रिकेत सेंच्युरियनला एका प्रेक्षकाला प्रतिस्पर्धी कंपनीचं पेय प्यायल्याबद्दल बाहेर काढलं होतं. कंपनीच्या जाहिरातीचा फलक घेऊन किंवा मोठं बोधचिन्ह असलेले कपडे घालून आत जाताना अडवलं जाऊ शकतं, तेव्हा साधे कपडे बरे.

पाणी मात्र विकत घ्यावं लागू नये. चित्रपटगृहांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 3 जानेवारी 2023ला बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याचा मालकांचा हक्क मान्य केला, त्याचबरोबर पिण्याचं पाणी मोफत मिळालं पाहिजे यावरही भर दिला. तो निकाल चित्रपटगृहांबद्दलचा आहे, पण तर्क मैदानालाही तितकाच लागू पडतो. पुण्याजवळ गहुंजेत 24 ऑक्टोबर 2024ला न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना पाणी मिळालं नाही आणि आयोजक संघटनेला दिलगिरी व्यक्त करावी लागली. तिथल्या बहुतेक स्टँडवर छप्पर नाही. दिवसाचा सामना असेल तर टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि भरपेट जेवण ही तयारी घरूनच करा. स्वस्त तिकीट आणि छपराखालचं तिकीट यांच्या दरातला फरक वयस्कर माणसांसाठी खर्चण्याजोगा आहे.

गहुंजेला जाण्यायेण्याचा खर्च कधी कधी तिकिटाच्या जवळ जातो. मैदान द्रुतगती मार्गालगत, शहरापासून लांब. गाडी पार्किंगला लावून बरंच चालावं लागतं आणि सामना संपल्यावर बाहेर पडायला फार वेळ लागतो. चौघं-पाचजण मिळून एक गाडी करा, किंवा परतीची वेळ जमत असेल तर लोकलने देहूरोड किंवा बेगडेवाडीपर्यंत जाऊन पुढे रिक्षा. वानखेडेला चर्चगेट आणि मरीन लाइन्स हाकेच्या अंतरावर आहेत, डी. वाय. पाटीलला नेरूळ. रात्रीचा सामना साडेअकरापर्यंत लांबतो. शेवटच्या गाड्यांची वेळ आधीच पाहून ठेवा, नाही तर टॅक्सीचं भाडं तिकिटाएवढं होईल. चेन्नईत आयपीएलच्या तिकिटावर मेट्रोचा प्रवास मोफत मिळाला आहे. मुंबई-पुण्यात हे का होऊ नये?

पाऊस, परतावा आणि तक्रार

सर्वसाधारण अट अशी की एकही चेंडू न पडता सामना रद्द झाला तरच पैसे परत. 17 मे 2025ला बंगळुरूतला आयपीएलचा बंगळुरू-कोलकाता सामना असाच वाहून गेला आणि यजमान संघाने पूर्ण परतावा जाहीर केला. मात्र दोन षटकं जरी झाली तरी हक्क जातो. 2023च्या आयपीएल अंतिम सामन्याच्या वेळी अहमदाबादला पावसामुळे खेळ दुसऱ्या दिवशी गेला, तेव्हा पहिल्या दिवसाचं तिकीटच चाललं. म्हणून पाऊस पडला तरी तिकीट फेकू नका. सेवाशुल्क परत मिळणार की नाही ते अटींत वेगळं लिहिलेलं असतं, तेवढं वाचा. प्रवास आणि हॉटेल यांचा परतावा कुणी देत नाही, तेव्हा रद्द करता येणारी खोली घ्या, दोन-तीनशे रुपये जास्त पडले तरी चालेल.

सीटसमोर खांब आला, तुमच्या जागेवर दुसरा बसला आणि कुणी उठवलं नाही, पाणी संपलं, जादा पैसे घेतले, तर तिथेच फोटो काढा, वेळ टिपा, तिकीट आणि बँकेचा संदेश जपा. आधी आयोजक आणि तिकीट विकणारी कंपनी या दोघांना ईमेल करा. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915वर फोन करा. तिथेही निपटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. सामना मुंबईत झाला असला तरी 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्याच्या माणसाला साताऱ्यातच, तक्रार दाखल करता येते.