अ‍ॅडेनोमायोसिस : पिशवी काढण्यापूर्वी जाणून घ्यावे असे काही

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यकशास्त्राचा अधिकारी नव्हे. तथापि बिलाच्या खिडकीपाशी बसणाऱ्या माणसाच्या कानावर जे प्रश्न वारंवार येतात, त्यांत एक प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, पिशवीला सूज सांगितली आहे. पिशवी काढून टाकली तर एकदाची सुटका होईल ना?" शिंदखेडा तालुक्यातील खेड्यापाड्यांतून येणाऱ्या कुटुंबांना 'सूज' या एका शब्दात जे सांगितले जाते, त्यामागे पुष्कळदा अ‍ॅडेनोमायोसिस हा विकार असतो.

गर्भाशयाच्या आतील अस्तर दर महिन्यास वाढते व पाळीच्या वेळी गळून पडते. या अस्तराची पेशीजाळी गर्भाशयाच्या स्नायुमय भिंतीत शिरली म्हणजे अ‍ॅडेनोमायोसिस होतो. भिंतीत शिरलेले अस्तरही संप्रेरकांच्या प्रभावाखाली असते. त्यामुळे भिंत जाड होते, गर्भाशय फुगून गोलसर होते, पाळीत वेदना होतात आणि अंगावरून फार जाते. रोकिटान्स्की या शास्त्रज्ञाने 1860 मध्ये या विकाराचे प्रथम वर्णन केले. हा कर्करोग नव्हे, हे येथे स्पष्टपणे नमूद करणे अगत्याचे वाटते. कारण घाबरलेल्या नातेवाइकांच्या मनात बहुधा तीच शंका असते. पस्तिशी ते पन्नाशीच्या दरम्यानच्या, बाळंतपणे झालेल्या किंवा गर्भाशयावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांत तो अधिक आढळतो. कित्येकींना तर काहीच त्रास होत नाही. अशांना केवळ सोनोग्राफीच्या कागदावर हे नाव दिसले म्हणून उपचार करण्याचे कारण नाही.

पूर्वी काढलेले गर्भाशय सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच निदान निश्चित होत असे. आता योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीने व गरज भासल्यास एम.आर.आय.ने ते पुष्कळ अंशी समजते. मात्र पंचेचाळिशीनंतर अनियमित रक्तस्राव होत असेल, तर अस्तराचा नमुना तपासून घ्यावा. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावर जाऊ लागले, तर एक दिवसही दवडू नये.

खरी हानी रक्तक्षयाने होते. मिरचीच्या पथारीवर दिवसभर वाकून काम करणारी स्त्री धाप लागली तरी ती उन्हाची समजते. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असल्यास तो रक्तक्षय होय. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नयेत, एवढी साधी गोष्टही अनेकींना कुणी सांगितलेली नसते.

उपचारांची पायरी खालून वर चढावी. मेफेनॅमिक अ‍ॅसिडने वेदना व ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडने रक्तस्राव कमी होतो. संप्रेरकांच्या गोळ्यांत डायनोजेस्ट उपयुक्त ठरते. त्यापुढील साधन म्हणजे गर्भाशयात बसविण्याचे लेव्होनॉरजेस्ट्रेलयुक्त साधन. ते दिसते तांबीसारखे, म्हणून स्त्रिया बिचकतात. परंतु तांबीने रक्तस्राव वाढू शकतो, तर या साधनाने तो कमी होतो आणि त्याचा उपयोग काही वर्षे टिकतो. पहिले तीन ते सहा महिने थोडे थोडे डाग दिसतात. त्या काळात धीर सुटून साधन काढून घेतले, तर खर्चही वाया व उपचारही वाया.

औषधांनी भागत नसेल, मुले नको असतील व स्त्रीची स्वतःची इच्छा असेल, तर गर्भाशय काढणे हा योग्य व कायमचा उपाय आहे. परंतु पाळी गेल्यावर हा त्रास बहुधा आपोआप शमतो. म्हणून अठ्ठेचाळिशीतील स्त्रीचा विचार वेगळा आणि तिशीतील स्त्रीचा वेगळा. अंडाशय ठेवणार की काढणार, हेही आधी विचारावे. कमी वयात अंडाशय काढले, तर हाडांवर व हृदयावर परिणाम होतो.

हिशेबनीसाच्या दृष्टीने एक गोष्ट लिहितो. शस्त्रक्रियेचे बिल एकरकमी व मोठे असते, गोळ्यांचे लहान व दरमहाचे. कुटुंबास एकदाच कर्ज काढणे सोपे वाटते, मजुरीचे दिवस बुडत नाहीत असेही वाटते. आणि रुग्णालयाच्या जमेच्या बाजूसही तेच सोयीचे. ही सोय कोठवर जाते, हे बीड जिल्ह्याने दाखविले. 2019 मध्ये राज्य शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले, म्हणजे सुमारे 17 टक्के. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 15 ते 49 वयोगटात हे प्रमाण सुमारे 3 टक्के आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना अमलात आणण्यास राज्यांना सांगितले. ऊसतोडीला खानदेशातूनही टोळ्या जातात, त्यामुळे हा प्रश्न परक्या जिल्ह्याचा मानता येत नाही. विश्वस्त व देणगीदारांनी अहवालातील शस्त्रक्रियांची वाढती संख्या वाचताना वयाचा रकानाही मागावा, अशी नम्र विनंती आहे.

तपासणीस येताना मागील तीन-चार पाळ्यांच्या तारखा, जुनी सोनोग्राफी, रक्ताचे अहवाल व चालू गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावयाचे असल्यास संकोच करू नये. कागदपत्रांच्या प्रती मागण्याचा रुग्णास हक्क आहे. 2006 पासून उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत व 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दराने राखीव असतात. त्यासाठी शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखल होतानाच द्यावा, बिल झाल्यानंतर नव्हे.