ड्रोन वर नेण्याआधी

हा लेख लिहायला कारण हॉस्टेलमधलीच मंडळी. पूर्वी सुट्टीत पोरं शिकवण्या घ्यायची, हल्ली लग्नाच्या शूटिंगला ड्रोन घेऊन जातात. नियमांचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "अगं, छोटाच तर आहे, चालतो." खरंच चालतो का, हे बघायला मी 'ड्रोन नियम २०२१' वाचून काढले. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे सरकारी मराठीपेक्षा सरकारी इंग्रजी जरा सोपं गेलं, इतकंच!)

२०१४ साली डीजीसीएने सामान्य माणसाला ड्रोन उडवायला बंदीच घातली होती. १ डिसेंबर २०१८ पासून परवानग्यांची लांबलचक पद्धत आली आणि २५ ऑगस्ट २०२१ला आत्ताचे नियम. त्यात पहिला प्रश्न वजनाचा. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. मायक्रो हौसेसाठी उडवला तरी लागत नाही, पण त्याच ड्रोनने पैसे घेऊन काम केलं की लागतं. यंत्र तेच, आकाश तेच, पाकीट हातात आलं की कायदा बदलला! ("पैसे नाही, बिर्याणी घेतली" ही पळवाट पोलिसांपुढे टिकेल असं मला वाटत नाही.) सर्टिफिकेटला वय १८ पूर्ण, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत ट्रेनिंग एवढंच हवं, म्हणजे आपण सगळेच बसतो. मायक्रोला थर्ड पार्टी विमाही लागतो. नियम मोडला तर दंड १ लाखापर्यंत.

बाजारात नेमके २४९ ग्रॅमचे ड्रोन का मिळतात ते आता कळलं असेल. पण नियमातलं वजन वर लावलेल्या सामानासकट धरतात. पंख्यांना गार्ड लावले की काटा २५०च्या पुढे, आणि लग्नाच्या गर्दीत गार्ड तर हवेतच. सर्टिफिकेट वाचवायला गार्ड काढून ठेवणारे मी पाहिलेत. माझं मत विचाराल तर गार्ड लावा आणि सर्टिफिकेट घ्या.

दुसरा प्रश्न जागेचा. सरकारी नकाशात हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट, आणि आणखी आत गेलं की पिवळा नाहीतर लाल. पिवळ्यात एटीसीची परवानगी, लाल भागात थेट केंद्र सरकारची. पुण्याचं लोहगाव तर हवाई दलाचं, म्हणून नकाशा बघितल्याशिवाय तिथल्या लग्नाची सुपारी घेऊ नये. मुंबईत पोलिसही वेळोवेळी आदेश काढून ड्रोनला बंदी घालतात. किल्ल्यांचं आणखी वेगळं. नकाशा हिरवा दिसला म्हणून रायगड मोकळा होत नाही, तिथे पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

तिसरा प्रश्न माणसांचा, आणि तो आम्हा मुलींना जास्त कळतो. मागच्या गॅदरिंगला बाहेरून आलेल्या एका फोटोग्राफरचा ड्रोन आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवर बराच वेळ घोंघावत होता. दोरीवर कपडे, कोणी केस वाळवतंय, कोणी फोनवर रडतंय. खाली जाऊन विचारलं तर म्हणे, "बिल्डिंगचा टॉप अँगल घेत होतो." ते फुटेज कुठे गेलं आम्हाला आजही माहीत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं आहे. लग्नघरची परवानगी म्हणजे शेजारच्या गच्चीची परवानगी नव्हे.

आता माझ्या आवडीचा भाग. ४०० फूट ही मर्यादा आहे, गाठायलाच हवी असं नाही. तेवढ्या उंचीवरून नवरा-नवरी म्हणजे दोन मुंग्या. उलट १५-२० फुटांवरून, तुळशी वृंदावन अगदी जवळून सरकतंय आणि मागे मांडव उलगडतोय, असा शॉट घ्या. जवळची वस्तू भराभर आणि लांबची हळू सरकते, त्यातून खोली येते. उंची कधी हवी? उद्धव ठाकरे यांच्या 'महाराष्ट्र देशा' या २०१०च्या पुस्तकात किल्ल्यांचे आकाशातून काढलेले फोटो आहेत. त्या वेळी हेलिकॉप्टर लागलं होतं. राजगडाच्या तीन माच्या बालेकिल्ल्यापासून कशा फाकल्यात हे खालून कळतच नाही, तिथे वर जाण्याला अर्थ आहे. मांडवाच्या ताडपत्रीचा आकार बघून कोणाला काय मिळणार?

शूटिंग सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. भर दुपारी सावल्या पायाखाली जातात आणि वरून सगळं सपाट दिसतं. २५ फ्रेमला शटर १/५० ठेवा, उजेड जास्त वाटला तर एनडी फिल्टर लावा (आणि पुन्हा वजन करा!). सनई वेगळी रेकॉर्ड करा, ड्रोनपाशी फक्त पंखे ऐकू येतात.

बॅटरी कागदावर ३० मिनिटांची असली तरी वाऱ्यात २० धरून चाला. म्हणून आदल्या दिवशी जागा बघून पाच शॉट वहीत लिहायचे, प्रत्येकापुढे उंची आणि खाली कोण असेल ते. सहावा सुचला तर आधी ड्रोन खाली, मग वही.