पंचा पाणी का टिपत नाही?

अंघोळ करून अंग पुसायला घ्यावे, तर पंचा अंगावरून नुसता फिरतो. पाणी आहे तिथेच! गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी असे झाले. आम्हांला वाटले, पंचा नवा आहे, खळ गेली नसेल. पण जुने पंचेही तसेच. मग नातवाच्या लंगोटांचे तेच गाऱ्हाणे सुरू झाले. ओल कपड्यात शिरेना, पोराच्या मांड्यांना लागून राही. मांड्या लालबुंद झाल्या. सूनबाई रात्रभर त्याला खांद्यावर घेऊन बसायची. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारले, "कपडे कशात धुता?"

दोष निघाला मोरीतल्या एका बाटलीत. कपडे मऊ करायचे ते औषध. दुकानात त्याला सॉफ्टनर म्हणतात, कोणी कंडिशनर म्हणते. कपडे धुऊन झाले की शेवटच्या पाण्यात झाकणभर घालायचं. कपडा मऊ लागतो, वास छान येतो. खोटे कशाला बोला, आम्हांलाही तो वास आवडला होता.

पण हे औषध म्हणजे साबण नव्हे. ते मळ काढत नाही. चरबी किंवा पामतेल यांच्यापासून केलेला तो एक पदार्थ असतो. तो सुताला चिकटून बसतो. डोक्याला भरपूर तेल लावले की केसांवरून पाणी कसे ओघळते? तसेच सुताचे होते. दर धुण्याला थर वाढतो. कपडा हाताला मऊ लागतो, पण पाणी पीत नाही. मग पंचा, लंगोट, लादी पुसायचे फडके, यांचा उपयोग तो काय? शिवाय त्या वासाने कुणाकुणाच्या अंगाला खाज सुटते.

याहून मोठी गोष्ट आगीची. टॉवेल, फ्लॅनेल अशा लवेच्या कापडाला हे औषध लावले की लव फुलून उभी राहते, आणि असे कापड ठिणगी पडताच लवकर भडकते. म्हणून लहान पोरांच्या झोपायच्या कपड्यांना आणि चुलीपाशी वापरायच्या कपड्यांना ते मुळीच लावू नये.

तुमच्या घरचा पंचा कसा आहे, ते पाहायचं? कोरड्या पंच्यावर पाण्याचा एक थेंब टाका. लगेच जिरला तर ठीक. मोत्यासारखा वर बसून राहिला, तर समजा थर चढला आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग कपडे खरखरीत राहू द्यायचे काय? तर आधी ते खरखरीत का होतात ते पाहू. आपल्याकडे पुष्कळ विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड असते. त्यात चुन्यासारखे क्षार असतात. साबणाशी त्यांची गाठ पडली की फेस येत नाही, चिकट पांढरा साका होतो आणि तो कपड्यात राहतो. फेस येईना म्हणून आपण आणखी साबण घासतो. साका आणखी वाढतो! पावडरचेही तेच: मूठभर जास्त पडली की ती खळबळून निघता निघत नाही.

म्हणून साबण कमी करा, खळबळणे वाढवा. पाणी जड असेल तर साबणाच्या आधी बादलीत दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवा. हाताला सोडा लागून राहू देऊ नका, कातडी फुटते. लोकर आणि रेशीम यांना सोडा चालत नाही. त्यांना रिठ्याचे पाणी बरे. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घातले तर उरलेला साका सुटतो. कपडा वाळला की त्याचा वासही जातो. मात्र हे बादलीतच करावे, यंत्रात रोज घातल्यास रबर खराब होते. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

दोरीवर टाकण्याआधी कपडा दोन्ही हातांनी जोराने झटकावा, वाऱ्यावर वाळवावा आणि काढताना पुन्हा झटकावा. आमची आई एवढेच करीत असे.

आम्ही पंचे गरम पाण्यात सोडा घालून तासभर भिजवले आणि धुतले. पहिल्या खेपेला फारसा फरक दिसला नाही. चौथ्या धुण्यानंतर पाण्याचा थेंब पंच्यात जिरला. लंगोटांना त्याहून दोन धुणी जास्त लागली.