विहिरीवर भेटलेली दया



‘माझ्यासारख्याला देव क्षमा करील का?’ हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो. आज आपण तो पंडिता रमाबाईंच्या जीवनातून समजून घेऊ.

१८७८ साली रमाबाई कलकत्त्यात आल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण याच शहरात, स्त्रीधर्मावर व्याख्यान देण्यासाठी धर्मशास्त्रे वाचताना, स्त्रीला पुरुषासारखी मोक्षाची वाट नाही याबाबत त्या ग्रंथांचे एकमत त्यांना दिसले. तसे त्यांनी पुढे लिहूनही ठेवले. विद्येचा मान मिळाला, पण आत्म्याला आशा मिळाली नाही.

पुढे त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपले काम दाखवले. समाज ज्यांना ‘पतित’ म्हणतो, अशा स्त्रियांची तेथे प्रेमाने सेवा होत होती. ‘या स्त्रियांची एवढी काळजी का?’ या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एका भगिनीने त्यांना प्रभू येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा सांगितली (योहान, अध्याय ४). २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

त्या कथेतून आपण काय शिकतो?

पहिले, दया पात्रता पाहून येत नाही. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. तरी प्रभूने स्वतः त्या स्त्रीकडे पाणी मागून बोलणे सुरू केले.

दुसरे, दया सत्य झाकत नाही. तिला पाच पती झाले होते, हे प्रभूने तिला स्पष्ट सांगितले. पाप नव्हतेच असे म्हणणे म्हणजे क्षमा नव्हे. सर्व काही जाणूनही न झिडकारणे, ही क्षमा होय.

तिसरे, दया माणसाला होता तेथेच ठेवत नाही. ती स्त्री घागर तेथेच ठेवून गावात गेली आणि लोकांना प्रभूविषयी सांगू लागली. रमाबाईंनीही मिळालेली दया स्वतःपुरती ठेवली नाही. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्यांनी अशाच स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उभे केले.

मननासाठी: देवापासून मी काय लपवत आहे? त्याला ते आधीच ठाऊक आहे. आणि मी कोणाला ‘पतित’ समजून दूर ठेवले आहे? या आठवड्यात त्या व्यक्तीशी आपणच प्रथम बोलूया.