हळदणकरांचा दिवा

हातात दिवा घेतलेल्या एका तरुणीचे चित्र तुम्ही पाहिले असेल. घराच्या ओसरीवर, किराणा मालाच्या दुकानात, जुन्या दिनदर्शिकेवर, कोठेतरी ते दृष्टीस पडतेच. तिने एका हाती दिवा धरला आहे आणि वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा तळवा ज्योतीच्या आड केला आहे. तो उजेड बोटांतून झिरपून तिच्या मुखावर पसरला आहे, आणि सभोवार अंधार आहे. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बाजारात तसबिरी विकणाऱ्याला, "हे चित्र कोणाचे हो?" असे विचाराल, तर बहुधा तो क्षणाचाही विलंब न लावता सांगेल, "राजा रविवर्म्याचे!" नुसता तसबिरीवालाच नव्हे, चांगली शिकलीसवरलेली माणसेही हेच उत्तर देतात. परंतु ते उत्तर खरे नाही. हे चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर या मराठी चित्रकाराचे आहे.

हळदणकरांचा जन्म १८८२ साली सावंतवाडी येथे झाला. सावंतवाडी हे तेव्हा कोकणातील एक लहानसे संस्थान होते. लाखेच्या रंगांनी रंगविलेली लाकडी खेळणी आणि हाताने चितारलेले गंजिफांचे गोल पत्ते यांसाठी ते गाव आजही प्रसिद्ध आहे. अशा रंगांच्या गावात वाढलेल्या या मुलाचा चित्रकलेतील हात शाळेतच दिसून आला. पुढे सावंतवाडीच्या महाराजांनी साहाय्य केले आणि १९०३ साली हळदणकर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

ही कलाशाळा १८५७ साली सुरू झाली होती. तेथील शिक्षण वास्तवदर्शी पद्धतीचे होते. वास्तवदर्शी म्हणजे वस्तू जशी डोळ्यांना दिसते तशी रेखाटणे. हे बोलायला सोपे आहे; पण त्यासाठी विद्यार्थ्याला प्रथम प्लॅस्टरच्या पुतळ्यांसमोर दिवसचे दिवस बसून रेखाटन करावे लागे. नाकाची सावली ओठावर कोठे संपते, गालाचा उजळ भाग कोठे मंद होऊ लागतो, हे नजरेने मोजावे लागे. त्यानंतर जिवंत माणूस समोर बसवीत. पुतळा हलत नाही, पण माणूस श्वास घेतो, कंटाळतो, खांदा किंचित पाडतो. त्याचे चित्र काढणे म्हणजे दुहेरी परीक्षा! हळदणकर या परीक्षेत तयार झाले आणि १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. १९१५ साली लंडनमधील रॉयल सोसायटी ऑफ ब्रिटिश आर्टिस्ट्स या संस्थेच्या प्रदर्शनात ज्या तीन भारतीय चित्रकारांची चित्रे मांडली गेली, त्यांत हळदणकर एक होते. ‘मोहमेडन पिलग्रिम’, म्हणजे मुसलमान यात्रेकरू, हे त्यांचे चित्र तेथे वाखाणले गेले. १९१८ साली इतर चित्रकारांच्या सोबतीने त्यांनी आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली आणि पुढे अनेक वर्षे तिचे अध्यक्षपदही सांभाळले.

आता त्या दिव्याच्या चित्राकडे वळू. हे चित्र जलरंगांत काढलेले आहे. ही गोष्ट वाटते त्यापेक्षा फार महत्त्वाची आहे. ती नीट समजावी म्हणून तैलरंग आणि जलरंग यांतील भेद आधी पाहिला पाहिजे.

रंग म्हणजे मुळात बारीक कुटलेली पूड. ती कापडाला किंवा कागदाला धरून राहावी म्हणून तिच्यात काहीतरी चिकट द्रव्य मिसळावे लागते. तैलरंगात हे काम जवसाचे तेल करते. आपल्या विदर्भात रब्बीच्या हंगामात निळ्या फुलांचे जे जवस शेतात डुलते आणि ज्याची चटणी आपण भाकरीशी खातो, त्याच जवसाचे हे तेल. भुईमुगाचे तेल भांड्यात कितीही दिवस ठेवले तरी तेलच राहते. जवसाचे तेल मात्र पातळ पसरले तर हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते व त्याचा चिवट पापुद्रा बनतो. हे होण्यास कित्येक दिवस लागतात. तोवर चित्रकार रंग पुसू शकतो, खरवडू शकतो. आणि वाळल्यावर चूक ध्यानात आली तर तिच्यावर दुसरा रंग चढवून ती झाकून टाकू शकतो.

जलरंगात तेलाऐवजी डिंक असतो, बाभळीच्याच कुळातील झाडांचा. डिंकात कालवलेला रंग पाण्यात पातळ करून कागदावर फिरवतात. तो कागदात मुरतो आणि पाहता पाहता वाळतो. अकोल्याला मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे. त्या हवेत आकाश रंगवायला बसलेल्या मुलाची कुंचली पाण्यात बुडून परत कागदावर येईपर्यंत पहिला हात वाळलेला असतो आणि आकाशाच्या मधोमध एक काठ उमटलेला असतो! मग मूल तो काठ घालवायला जाते आणि कागदाचे लव निघतात. चित्रकलेच्या तासाला हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे.

शिवाय जलरंग पारदर्शक असतो. गडद रंगावर फिकट रंग चढवून तो झाकता येत नाही. म्हणून शुद्ध जलरंगात पांढरा रंग वापरीत नाहीत. जेथे लख्ख उजेड हवा तेथे कागद कोरा सोडतात आणि उजेड जसजसा मंदावत जातो तसतसे रंगाचे पातळ हात एकावर एक देतात. म्हणजे अशा चित्रातील प्रकाश रंगविलेला नसतो. तो राखून ठेवलेला असतो. कोठे काय राखायचे हे पहिला हात फिरविण्यापूर्वीच मनात पक्के असावे लागते. एकदा रंग लागला की लागला.

हळदणकरांनी हे चित्र हट्टाने जलरंगांतच केले, असे सांगतात. एकही चूक न करता आपण जलरंगांत पूर्ण चित्र उभे करू शकतो, हे त्यांना दाखवून द्यायचे होते. आणि विषय तरी कोणता घेतला? एका लहानशा ज्योतीचा उजेड! दिवसाचा प्रकाश खोलीभर सारखा पसरतो. ज्योतीचे तसे नाही. ज्योतीपासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड अर्धा होत नाही, तो चौथाईवर येतो. त्यामुळे हनुवटी, ओठ, गाल, कपाळ, केस, पदर या प्रत्येक ठिकाणी उजेडाची मात्रा वेगळी पडते. ती चढउतार कागदावर आणायची, आणि तीही पुसण्याची सोय नसताना.

पाहणारे बहुधा त्या तरुणीच्या मुखाची प्रशंसा करतात. माझ्या मते या चित्राचे मर्म मुखात नसून ज्योतीआड धरलेल्या हातात आहे. रात्री विजेरी पेटवून तिच्यावर आपला तळवा घट्ट ठेवा. बोटांच्या कडा लाल दिसतील. बोटांतील रक्त उजेडातील इतर रंग शोषून घेते आणि तांबडा तेवढा बाहेर येऊ देते, म्हणून असे होते. हळदणकरांनी बोटांतून आलेला हाच आरक्त उजेड कागदावर उतरविला आहे. त्या हाताकडे पाहताना चटका बसेल की काय असे वाटते.

चित्रातील तरुणी कोणी राणी नव्हे की पुराणातील नायिका नव्हे. ती हळदणकरांची मुलगी गीता. दिवाळीच्या दिव्यांवरून वडिलांना ही कल्पना सुचली आणि त्यांनी मुलीला लुगडे नेसवून, हाती दिवा देऊन उभे केले, अशी हकीकत आहे. सुमारे तीन तास ती न हलता उभी होती म्हणतात. दिवा हातात घेऊन पाच मिनिटे निश्चल उभे राहून पाहा, म्हणजे या चित्रातील श्रमांचा एक वाटा कोणाचा होता हे कळेल.

हे चित्र पुढे म्हैसूरला गेले. तेथील जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात ते आहे. ‘ग्लो ऑफ होप’, म्हणजे आशेची प्रभा, या इंग्रजी नावाने ते ओळखले जाते. त्याच राजवाड्यात राजा रविवर्मा यांचीही चित्रे आहेत, आणि घोटाळ्याचे एक कारण येथेच असावे. दुसरे कारण त्याहून जुने आहे. रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची व पौराणिक स्त्रियांची रंगीत चित्रे छापून ती घरोघर पोहोचविली. तेव्हापासून लुगडे नेसलेल्या सुंदर स्त्रीचे कोणतेही जुने चित्र दिसले की ते रविवर्मा यांचेच, असे लोक धरून चालतात.

पण जरा हिशेब करून पाहा. रविवर्मा वारले १९०६ साली. दिव्याचे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे मानले जाते. म्हणजे मध्ये चाळीस वर्षे लोटली होती. चित्राच्या सालाबद्दल कोणी वाद घातलाच, तर त्याला दुसरा पुरावा द्यावा. ज्या गीताला समोर उभे करून हे चित्र काढले तिचा जन्मच मुळी रविवर्मा यांच्या मृत्यूनंतर सुमारे दहा वर्षांनी झाला. जी मुलगी अजून जन्मली नव्हती तिला ते कोठून पाहणार? रविवर्मा हे थोर चित्रकार होते. त्यांच्या स्वतःच्या चित्रांनीच त्यांचे नाव टिकले आहे; दुसऱ्याचे चित्र त्यांच्या नावे लावण्याची मुळीच गरज नाही.

हळदणकर १९६८ साली वारले. शेवटपर्यंत त्यांची ओळख चित्रकार आणि चित्रकलेचे शिक्षक अशी राहिली. चित्रातील गीताबाई मात्र पुढे कितीतरी वर्षे होत्या. लग्नानंतर त्या गीता उपळेकर झाल्या आणि उतारवयात कोल्हापुरात राहत असत. आपल्या वडिलांचे चित्र दुसऱ्याच्या नावावर खपते आहे, हे पाहण्याइतके दीर्घ आयुष्य त्यांना लाभले. त्या वारल्या २०१८ साली, वयाच्या एकशेदोनाव्या वर्षी. तेव्हा निरनिराळ्या गावांच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्या निधनाची वार्ता दिली, आणि त्या वार्तेसोबत वडिलांनी काढलेले ते दिव्याचे चित्र छापले.